भोकामागचं हेलिकॉप्टर

२०२५ च्या दिवाळीत चंद्रपूरला गेलो होतो. भाऊबीज आटोपली, फराळाचा कंटाळा आला आणि मामाजींनी टूम काढली की सोमनूरला जाऊ. सोमनूर म्हणजे सिरोंचा तालुक्याचं अगदी टोक. इथे इंद्रावती गोदावरीला मिळते. अलीकडे महाराष्ट्र, एका बाजूला तेलंगण, समोर छत्तीसगड. चंद्रपूरहून बल्लारपूर, आलापल्ली, सिरोंचा असा प्रवास. रस्त्याबद्दल न बोललेलं बरं.

संगमावर उभे असताना लांबून आवाज आला. मी मान वर करून शोधायला लागलो, मामाजी मात्र डोळे मिटून ऐकत होते. "एमआय-सतरा," ते म्हणाले. दोन मिनिटांनी खरंच एक जाडजूड हेलिकॉप्टर नदीच्या कडेकडेने निघून गेलं. मी मोबाइल काढून फोटोच्या खटपटीत.

"पोटाकडं काय पाहून राहिला बे? शेपटी पाह्य. अन् टप."

मामाजी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. म्हणजे इंजिन नाही, रेडिओ नाही, बंदुका नाहीत. फक्त सांगाडा: पत्रा, फ्रेमा, रिव्हेट. १९७२ साली भरती झाले, वीस वर्षं नोकरी केली आणि परत येऊन बल्लारपूरला फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं. लहानपणी आम्हाला वाटायचं की मामा विमान चालवतो. मग कळलं की नाही, मामा विमानाला ठिगळं लावतो. तेव्हा आमचा चक्क हिरमोड झाला होता. आज चाळिशी जवळ आल्यावर, स्वतः पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या कोडला ठिगळं लावल्यावर, त्या कामाबद्दल आदर वाटायला लागलाय :)

परतीच्या प्रवासात मी त्यांना एकच प्रश्न विचारला: जंगलात हेलिकॉप्टरला गोळ्या लागल्या तर ते पुन्हा उडेल की नाही, हे ठरवतात कसं? त्याचं उत्तर अहेरी येईपर्यंत चाललं. पुण्याला आल्यावर मी थोडं वाचलं. आजचा लेख म्हणजे त्या दोन्हींची भेसळ आहे.

आधी या भागात हेलिकॉप्टरचं काय काम, ते सांगतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना गडचिरोली नकाशावर दिसते, पण अंदाज येत नाही. १४,४१२ चौरस किलोमीटरचा जिल्हा, बहुतेक सगळा जंगलाने झाकलेला. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं. त्यात १९८० पासून नक्षलवादी आले. त्या वर्षी नोव्हेंबरात सिरोंचा तालुक्यात मोयाबिनपेठेला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मारला गेला, तिथून या जिल्ह्यातल्या संघर्षाचा इतिहास सांगायची पद्धत आहे. रस्त्याखाली सुरुंग पेरायला लागल्यावर जमिनीवरून जाणं म्हणजे जुगार झाला. २००९ हे एकच वर्ष घ्या. फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६, ऑक्टोबरात लाहेरीजवळ १७. त्यामुळे जखमींना नागपूरला न्यायचं तर हेलिकॉप्टर, निवडणुकीत मतदान यंत्रं आणि शिक्षक दुर्गम केंद्रांवर पोचवायचे तरी हेलिकॉप्टर.

आमचा प्रवास होता त्याच्या आठवडाभर आधीच गडचिरोलीत भूपतीने साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली होती. सिरोंच्यातल्या चहाच्या टपरीवर तोच विषय. त्यामुळे वर उडणाऱ्या हेलिकॉप्टरकडे कुणी फारसं बघतही नव्हतं. पण आम्ही उभे होतो तिथून समोर दिसणारं जंगल म्हणजे बिजापूर जिल्हा, आणि आजच्या गोष्टीतली पहिली घटना तिथली.

१४ नोव्हेंबर २००८. छत्तीसगड विधानसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा. बिजापूर जिल्ह्यात पीडियाला हवाई दलाचं एमआय-८ मतदान पथकाला आणायला गेलं होतं. उड्डाण करताना माओवाद्यांनी गोळीबार केला. फ्लाइट इंजिनियर सार्जंट मुस्तफा अली ठार झाले. हेलिकॉप्टर वैमानिकांनी परत आणलं. यानंतर हवाई दलाने स्वसंरक्षणासाठी गोळी झाडण्याची परवानगी मागितली. २००९ मध्ये ती मागणी जाहीरपणे मांडणारे हवाई दलप्रमुख प्रदीप नाईक हे जन्माने नागपूरकर. (विदर्भाचा माणूस आला की मला राहवत नाही, क्षमस्व.)

दुसरी घटना १८ जानेवारी २०१३ ची, जरा पलीकडे, सुकमा जिल्ह्यातली. जखमी जवानांना आणायला निघालेल्या एमआय-१७ वर तिमेलवाड्याजवळ गोळीबार झाला. हेलिकॉप्टर जंगलातच उतरवावं लागलं. या घटनेकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण मामाजींचं सगळं बोलणं तिथेच येऊन अडकलं.

आता मूळ प्रश्न. समोर हेलिकॉप्टर उभं आहे, त्याला बारा भोकं आहेत. उडेल का?

माझ्यासारखा माणूस भोकं मोजेल. बारा भोकं म्हणजे वाईट, तीन म्हणजे ठीक. मामाजी म्हणाले, "भोकं मोजून काय होते? भोक म्हणजे हवा. भोकाच्या मागं काय होतं ते सांग."

हेलिकॉप्टरचा सांगाडा कसा असतो ते त्यांनी गाडीत बसल्याबसल्या चकलीच्या डब्यावर समजावलं. आडव्या कड्या म्हणजे फ्रेमा, माणसाच्या बरगड्यांसारख्या. लांबीला जाणाऱ्या बारीक पट्ट्या म्हणजे स्ट्रिंगर, त्यातल्या जाड्याजुड्या म्हणजे लाँगेरॉन. वरून ड्युरॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, हजारो रिव्हेट मारून बसवलेला. गंमत अशी की हा पत्रा नुसतं वारा-पाऊस अडवायचं आवरण नाही, तो स्वतःही भार वाहतो. पण सगळीकडे सारखा नाही. दोन स्ट्रिंगरांच्या मधोमध गोळी आरपार गेली तर ते पाट्याभर ठिगळाचं काम. तीच गोळी चार बोटं सरकून लाँगेरॉन फोडून गेली तर यंत्र जागेवर बसलं.

आणि भार कुठून कुठे जातो हे लक्षात ठेवायचं. जमिनीवर हेलिकॉप्टर चाकांवर बसलेलं असतं. उडताना ते वरच्या पंख्याला टांगलेलं असतं. "झोपाळा पाह्यला ना? फळीले भोक पडलं तर कायले भेतो? कडी पाह्य, कडी." टप पाह्य म्हणाले ते याचसाठी. मुख्य गिअरबॉक्सचे पाय छतावर ज्या फ्रेमांवर टेकतात, त्या झाल्या झोपाळ्याच्या कड्या. यंत्राचं आणि आतल्या माणसांचं वजन तिथून लटकतं. एमआय-१७ भरून उडालं की ते १३ टनांपर्यंत जातं.

शेपटीचं तसंच. वरचा पंखा एका दिशेने फिरतो म्हणून हेलिकॉप्टरचं धड उलट्या दिशेने गरगरायला बघतं. त्याला शेपटीचा छोटा पंखा धरून ठेवतो. म्हणजे शेपटीचा तो लांब दांडा, टेल बूम, उड्डाणभर वाकवला आणि पिळला जात असतो. शिवाय त्याच्या आत, वरच्या अंगाला, छोट्या पंख्याला फिरवणारी पोकळ शाफ्ट धावते. बाहेरून एक साधं भोक, आत शाफ्टला नुसता ओरखडा. पण मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या नळीवरचा ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेची जागा. ती तुटली की वैमानिकाच्या हातात फार थोडे सेकंद उरतात.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे गोळीचा मार्ग शोधणं. आत शिरलेलं भोक लहान आणि नेटकं असतं, बाहेर पडलेलं मोठं, पाकळ्या उमललेलं. कधी गोळी आत आडवी होते आणि बाहेर पडताना कुलपाच्या भोकासारखी खूण ठेवून जाते. शिरल्या भोकातून निघाल्या भोकापर्यंत सरळ दोरी किंवा सळई धरायची आणि त्या रेषेवर जे जे येतं ते सगळं उघडून बघायचं: वायरींचे जुडगे, हायड्रॉलिकच्या नळ्या, वैमानिकाच्या दांड्यापासून वर पंख्यापर्यंत जाणारे कंट्रोल रॉड. शिरलेलं भोक आहे आणि निघालेलं नाही? म्हणजे गोळी अजून आत कुठेतरी आहे. तिने कशाला धडक दिली ते सापडेपर्यंत सही नाही.

मला सगळ्यात आवडली ती पात्याची युक्ती. एमआय-८ आणि एमआय-१७ च्या मुख्य पात्याचा कणा पोकळ ड्युरॅल्युमिनियमचा असतो आणि त्यात दाबाखाली हवा भरलेली असते. कण्याला बारीकशी चीर गेली किंवा गोळीने भोक पाडलं की हवा निसटते, दाब पडतो आणि पात्याच्या बुडाशी असलेल्या निर्देशकात लाल पट्टी दिसते. डोळ्याला न दिसणारी चीर स्वतःहून हात वर करते. १९६० च्या दशकातलं हे डिझाइन. आमच्या क्षेत्रात मॉनिटरिंगच्या नावाखाली लाखो रुपयांची लायसन्सं घेतात, आणि इथे नुसती हवा!

पात्याला लाल पट्टी असते, बाकी सांगाड्याला मात्र अशी सोय नाही. तिथे डोळा लागतो. जोरात आपटून उतरलेल्या हेलिकॉप्टरमध्ये मामाजी काय बघत? चाकांचे पाय जिथे जोडलेत तिथल्या फ्रेमा, टेल बूमचा जोड, पत्र्यावरची सुरकुती. सपाट पत्र्यावर तिरपी सुरकुती दिसली म्हणजे खालचा सांगाडा क्षणभर तरी नको तितका वाकला होता. रिव्हेट सैल झाली की ती कंप पावून स्वतःला घासते आणि तिच्यामागे काजळीसारखी काळी रेघ ओढली जाते. वाऱ्याच्या दिशेने, डोळ्यातलं काजळ फिसकटल्यासारखी. नवशिके ती फडक्याने पुसतात! मामाजी म्हणाले, पुसणाऱ्याच्या एक कानाखाली वाजवावी वाटायची, कारण तो पुरावा पुसून राहिला.

चिरेवरचा उपायही मजेशीर. चीर थांबवायची तर तिच्या टोकाला आणखी एक भोक पाडायचं. टोकदार जागी ताण एकवटतो आणि चीर पुढे सरकते. गोल भोकाच्या कडेने तोच ताण पसरतो. गोळीचं भोकही आधी कापून गुळगुळीत गोल करायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, मग त्यावर ठिगळ. ठिगळाची रिव्हेट पत्र्याच्या कडेपासून स्वतःच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर हवी, नाहीतर कडच फाटते.

इथे अब्राहम वॉल्डची गोष्ट सांगायलाच हवी. इंटरनेटवर ती सगळ्यांनी वाचलेली असते, आणि बहुतेकांनी जरा चुकीची. १९४३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका संशोधन गटात हा हंगेरियन ज्यू गणितज्ञ काम करत होता. प्रश्न असा होता: मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर कुठे किती गोळ्या लागल्या, एवढीच माहिती हातात आहे; त्यावरून विमानाचा कुठला भाग किती नाजूक, हे कसं काढायचं? वॉल्डने लक्षात आणून दिलं की ही सगळी परतलेली विमानं आहेत. इंजिनावर खुणा कमी दिसतात याचा अर्थ इंजिनावर गोळ्या लागत नाहीत असा नाही. ज्यांना तिथे लागल्या, ती मोजायला आलीच नाहीत. त्याची टिपणं शुद्ध गणित आहेत, आणि ते लाल ठिपक्यांचं विमान, जे प्रत्येक मॅनेजमेंट ट्रेनिंगच्या स्लाइडवर असतं, ते फार पुढच्या काळात कुणीतरी समजावण्यासाठी काढलेलं चित्र आहे.

वॉल्डचा शेवट मात्र या स्लाइडवर नसतो. १३ डिसेंबर १९५० रोजी, भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना, एअर इंडियाचं डकोटा विमान नीलगिरीच्या डोंगराला धडकलं. त्यात वॉल्ड आणि त्याची पत्नी दोघेही गेले. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

आमच्याकडे हेच घडलं होतं, फक्त कुणी मेलं नाही. एका ॲपच्या चुका कमी करायच्या म्हणून आम्ही सहा महिने लॉगमध्ये दिसणाऱ्या चुका दुरुस्त करत होतो. आलेख सुंदर खाली गेला, केक कापला. मग कळलं की काही फोनवर ॲप उघडायच्या आधीच मरत होतं, त्यामुळे तिथून लॉगच येत नव्हता. असो.

पण वॉल्ड आणि मामाजी यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. वॉल्डपुढे विमानांचे ताफे होते, त्याला सरासरी काढता येत होती. फिटरपुढे एकच यंत्र असतं. त्याला टक्केवारी उपयोगाची नाही. संध्याकाळी त्यात कोण बसणार हे त्याला नावानिशी माहीत असतं.

शांततेत या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: यंत्र पूर्ववत करा. पुस्तकात लिहिलंय तसं, नाहीतर नाही. एमआय जातीच्या हेलिकॉप्टरांची मोठी दुरुस्ती हवाई दलाच्या चंदीगडच्या तिसऱ्या बेस रिपेअर डेपोत होते. आणि अशा सगळ्या डेपोंचा कारभार बघणारी मेंटेनन्स कमांड नागपूरला आहे. नागपूरकरांना वायुसेनानगर म्हणजे फुटाळ्याकडचा शिस्तीचा, हिरवागार भाग. देशभरातल्या जखमी विमानांचे कागद तिथे येत असतात हे माझ्या नागपूरच्या चार मित्रांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

युद्धात मात्र प्रश्न बदलतो. तेव्हा 'नव्यासारखं आहे का?' असं कुणी विचारत नाही. 'आजची फेरी करेल का?' असं विचारतात. ७ डिसेंबर १९७१ ला आपल्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी गुरख्यांना सिल्हेटजवळ गोळीबारात उतरवलं. दोन दिवसांनी मेघना नदीवरून सगत सिंगांच्या कोअरला पलीकडे न्यायचं काम सुरू झालं. हवाई बाजू ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्याकडे होती. ती हेलिकॉप्टरं रात्रंदिवस फेऱ्या मारत होती, भोकं पडलेली यंत्रं रात्रीतून तपासून पुन्हा रांगेत उभी राहत होती. पुस्तकातला नियम लावला असता तर निम्मी बसवून ठेवावी लागली असती, आणि मेघना ओलांडायला लागणारा वेळ वाढला असता. मामाजी त्यानंतर वर्षभराने भरती झाले. त्यांना शिकवणारे सिनियर या युद्धातले होते. "त्याईनं पुस्तक आधी शिकवलं, मग पुस्तक कधी बंद करायचं ते शिकवलं."

१९८२ च्या फॉकलंड युद्धातलं एक उदाहरण तर सिनेमात शोभावं असं आहे. २५ मे रोजी 'अटलांटिक कन्व्हेयर' हे ब्रिटिश मालवाहू जहाज अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्राने पेटलं. त्याच्यासोबत चिनूक हेलिकॉप्टरं, सुटे भाग, हत्यारं, दुरुस्तीची पुस्तकं सगळं गेलं. त्या वेळी हवेत असलेलं एकच चिनूक वाचलं, 'ब्राव्हो नोव्हेंबर'. काही दिवसांनी रात्री बर्फाच्या वादळात ते समुद्राला टेकलं, पाणी उडालं, दार गेलं, पोटाचा पत्रा चेपला, आणि तरी वर आलं. ना पुस्तक, ना सुटे भाग. सकाळी ग्राउंडच्या माणसांनी टॉर्च घेऊन पाहिलं आणि ठरवलं की उडेल. युद्ध संपेपर्यंत ते उडलं.

अमेरिकेने व्हिएतनाममध्ये सुमारे १२ हजार हेलिकॉप्टरं वापरली, त्यातली ५ हजारांच्या आसपास गमावली. एवढे सांगाडे तपासल्यावर त्यांनी धडा डिझाइनमध्येच घातला. ब्लॅक हॉकसाठी अट अशी होती की गोळी लागून गिअरबॉक्सचं तेल सांडून गेलं तरी तो अर्धा तास चालला पाहिजे. अर्धा तास म्हणजे जंगलातून बाहेर पडायला पुरेसा वेळ. आणि कारगिलमध्ये, २८ मे १९९९ रोजी, तोलोलिंगवर गेलेल्या चार एमआय-१७ पैकी एक क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. चौघे गेले. त्या चारपैकी त्याच एका यंत्रावर क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर्स नव्हते. परत आलेली तीन तपासून हे समजलं नसतं.

आता सुकमा, २०१३. जंगलात एमआय-१७ उभं आहे. रिकाम्या यंत्राचंच वजन सात टनांच्या आसपास. ट्रकवर घालून आणायला रस्ता नाही, आणि असता तरी सुरुंग. सोडून यावं तर दुसऱ्या दिवशी ते जळलेलं दिसणार आणि त्याचे फोटो पत्रकांवर छापले जाणार. म्हणजे उपाय एकच. चार-सहा फिटर हत्यारांची पेटी घेऊन तिथेच न्यायचे, भोवती जवानांचं कडं करायचं, आणि त्यांनी सांगायचं की हे यंत्र एका उड्डाणापुरतं उठेल का. तसंच झालं. जागेवर दुरुस्ती झाली आणि ते हेलिकॉप्टर स्वतःच्या पंख्यावर उडत जगदलपूरला आलं.

मामाजी निवृत्त होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. पण अशा ठिकाणी काय चाललं असेल हे त्यांनी मला इतकं बारकाईने सांगितलं की मला ती जागा दिसायला लागली. आधी न शिवता एक पूर्ण चक्कर, हात मागे बांधून. मग गळती: खाली माती कुठे ओली आहे, वास रॉकेलचा की हायड्रॉलिकचा. मग पात्यांची लाल पट्टी, एकेक करून पाचही. मग टप. मग शेपटी. नंतर हाताने पंखा हळूहळू फिरवून कान लावायचा, कुठे खरखर येते का. आणि हे सगळं करताना पाठ झाडीकडे. "मागं पाहून चालत नाही. पाठ त्याईच्या भरवशावर सोडायची अन् आपण रिव्हेट पाहायची."

मग ते गप्प झाले. आलापल्लीचा सागवनाचा पट्टा सुरू झाला होता. बराच वेळाने म्हणाले, "त्या यंत्रात एक पोरगा होता ना?"

होता. हेलिकॉप्टर उतरल्यावर हवाई दलाची माणसं पायी चिंतागुफाच्या केंद्रीय राखीव दलाच्या तळावर गेली. यंत्रात गोळी लागलेला एक पोलीस, वायरलेस ऑपरेटर, मागे राहिला. नंतर सुरक्षा दलांनी त्याला बाहेर काढलं. गृहमंत्रालयाने नाराजी कळवली, हवाई दलाने चौकशी लावली. हवाई दलाचं म्हणणं होतं की त्याला उचलून नेणं शक्य नव्हतं, मदत आणायलाच ते गेले होते. गोळीबारात, अनोळखी जंगलात, अंधार पडायला आलेला असताना मी काय केलं असतं हे मी वातानुकूलित खोलीत बसून ठरवणार नाही. तरीही मला हे खटकतं. यंत्राजवळ परत जायला, त्याची एकेक रिव्हेट बघायला माणसं होती, पेटी होती, पद्धत होती. त्या जखमी माणसाचे मधले तास कुठल्या तक्त्यात भरायचे?

मामाजींनी दोष कुणालाच दिला नाही. त्यांनी स्वतःची एक गोष्ट सांगितली, जी मी पहिल्यांदाच ऐकली.

ऐंशीच्या दशकात, कुठल्याशा तळावर एक एमआय-८ जरा जोरात उतरलं होतं. सगळं ठीक दिसत होतं. संध्याकाळी मामाजींना टेल बूमच्या जोडापाशी, उन्हाच्या तिरप्या उजेडात, पत्र्यावर एक सुरकुती दिसली. बोटाने लागत नव्हती, दिसत तेवढी होती. सकाळी यंत्र पुरात अडकलेल्यांसाठी जाणार होतं. तरुण अधिकाऱ्याने दोनदा विचारलं. मामाजींनी सही केली नाही. यंत्र बसलं, एक दिवस वाया गेला. जोड उघडला, रंग लावून चीर शोधली, मोजमाप घेतलं. काहीच सापडलं नाही. पुढे कितीतरी महिने मेसमध्ये त्यांना 'सुरकुती' म्हणून हाक मारायचे.

"मग चुकलं का तुमचं?" मी विचारलं.

"मले काय माहीत? उडालं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. अन् त्या दिवशी पुरात कोणी राह्यलं असेल झाडावर, तेही मले कोणी सांगितलं नाही."

तेवढ्यात मागून पुन्हा तोच आवाज आला, भदभदता, जड. गाडीचा काच खाली करून मामाजींनी मान बाहेर काढली.

"सकाळचंच आहे?"

"सकाळचंच," ते म्हणाले. आवाज उत्तरेकडे विरेपर्यंत त्यांनी मान आत घेतली नाही. मग ड्रायव्हरला म्हणाले, "चाल रे, अंधाराच्या आत अहेरी गाठू. अन् डाव्या चाकातून काहीतरी वाजून राहिलं, आधी ते पाह्य."